शिवनेरीचं परीक्षण

आपल्याकडे नाटक लागलं की परीक्षण येतं, पुस्तक निघालं की परीक्षण येतं. लग्नातल्या जेवणाचं परीक्षण तर पंगत उठायच्या आधीच सुरू होतं. पण गडाचं परीक्षण कोणी करीत नाही. गडावर लिहिणारे दोनच. एक इतिहासकार, तो सनावळ्या घेऊन वर चढतो आणि त्या मोजून खाली उतरतो. दुसरा भक्त, त्याचे डोळे पहिल्या पायरीलाच मिटतात. मधला माणूस, ज्यानं एस.टी.चं तिकीट काढलंय, डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतलीय आणि 'एक दिवस तुला फिरायला नेतो' असं बायकोला गेलं वर्षभर सांगितलंय, त्यानं काय पाहावं हे कोणी सांगत नाही. म्हणून हा उद्योग.

केंदूरहून शिवनेरी म्हणजे पाबळ, मंचर, नारायणगाव करीत जुन्नर गाठायचं. या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हिनं खिडकी घेतली, मी डबा घेतला.

गडाचा पहिला अंक उत्तम आहे. एकामागून एक सात दरवाजे. हत्ती दरवाजा, पीर दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा... कर्जाच्या कागदावर सात सह्या लागाव्यात तशी ही सात दारं. एका सहीला शत्रू पटवील, दोन सह्यांना पटवील, सातव्या सहीपर्यंत त्याचा उत्साह राहणार नाही. कारकुनी म्हणतात ती हीच. आम्ही उगाच बदनाम.

आता बाग. गडाच्या वाटेवर आणि वर बाग केलेली आहे. हिरवळ आहे, कातरलेली झुडपं आहेत, फुलांचे वाफे आहेत, सावली आहे. बाग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती देवासारखी भेटते, आणि नवीन लग्न झालेल्यांचं तर तिच्यावाचून अडेल. बाग म्हणून दहापैकी आठ गुण द्यायला मी तयार आहे. पण हीच बाग रातोरात उचलून पुण्यात सारसबागेशेजारी ठेवली तर एकही झुडूप बिचकणार नाही. तिला आपण गडावर आहोत याचा पत्ताच नाही.

आणि नाटकात दुय्यम नट फार देखणा निघाला की जे होतं तेच इथे होतं. बहुतेक जोडपी बागेत फोटो काढतात, शिवाईदेवीला हात जोडतात, जन्मस्थानी डोकं टेकवतात, शिवकुंजात जिजाऊ आणि बाळ शिवबा पाहतात, की झाला गड. उरलेल्या गडाकडे पाहायला वेळ नाही, कारण बागेत अजून एक फोटो राहिलेला असतो.

जुन्या लोकांना बागेचं वावडं होतं असं नाही. नानासाहेब पेशव्यांनी हिराबाग केली ती पर्वतीच्या पायथ्याशी. जुन्नरला लागून हापूसबाग नावाचं गावच आहे. (हिला तिथे आंबे मिळतील अशी आशा वाटली होती.) म्हणजे बाग खाली, बुरूज वर, असा साधा हिशोब. दोन्ही खाती वेगळी.

उरलेला गड कसा आहे ते सांगतो. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, आज पडकं. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रायर इथे येऊन गेला. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा शिधा गडावर आहे असं त्यानं लिहून ठेवलं. मला आकडा दिसला की राहवत नाही. कुटुंबात चार माणसं धरली, माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं, तर सात वर्षांचे झाले एक्कावन्न हजार क्विंटल! दहा टनी ट्रक धरले तर पाचशे अकरा ट्रक. फ्रायरसाहेब डॉक्टर होता, गोदामपाल नव्हता, असं म्हणून मी तो आकडा सोडून दिला. पण निम्मा धरला तरी कोठारापुढे टोपी काढावी लागते.

त्या कोठाराच्या भिंतीवर बदाम काढून आत नावं कोरलेली आहेत. कोरण्याला माझा विरोध नाही. आमच्या केंदूरचं नाव शिलालेख-ताम्रपटवाल्यांच्या पुस्तकात आहे ते कोरण्यामुळेच. चालुक्य राजा दुसरा कीर्तिवर्मा याचा इसवी सन 750 चा ताम्रपट आमच्या गावचा. पण राजानं तांब्यावर नाव कोरलं ते काही तरी दान देण्यासाठी. या भिंतीवरच्या मंडळींनी काय दिलं ते लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी बागेत बसून कळत नाही. महाराज 1630 साली इथे जन्मले. 1657 मध्ये त्यांनी खालचं जुन्नर लुटलं, पण हा गड हयातीत त्यांच्या हाती आला नाही. मराठ्यांकडे तो आला 1716 मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. जन्म इथला आणि खातं दुसऱ्याच्या नावावर! हे कळल्यावर त्या सात दरवाजांतून मी पुन्हा एकदा मनातल्या मनात चढलो. ती दारं ज्या घरच्या मुलासाठी बंद राहिली, त्याचं नाव आज पहिल्या पायरीपासून ऐकू येतं.

पण खरं परीक्षण हिनं केलं. गंगा-जमुना टाक्यांपाशी ही थांबली ती हलेना. कातळात कोरलेली टाकी, आत थंड पाणी. बाग हिनं पाच मिनिटांत पाहिली होती.

"अहो, हे सगळं दगड फोडून केलं?"

"हो. गड बांधायचा तर आधी पाणी पाहावं, नसलं तर खडक फोडून टाकी करावीत, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. ही टाकी त्याहून कितीतरी जुनी."

"आपल्याकडे आधी घर बांधतात, मग पाणी शोधतात," ही म्हणाली.

उन्हाळ्यात केंदूरला टँकरच्या मागे हंडा घेऊन जिनं धाव घेतली आहे, तिच्या या वाक्याला कुठल्याही इतिहासकाराची तळटीप लागत नाही. पुढे कमानी मशिदीखालचं टाकं, बदामी तलाव, सगळीकडे ही पाणीच पाहत राहिली. कडेलोटाच्या टोकाला तिनं पाठ फिरवली. "माणसं ढकलायची जागा काय पाहायची?" म्हणाली. ते दृश्य माझ्या मते चांगलं आहे, पण मी वाद घातला नाही.

उतरताना मी तिला सांगितलं की 2025 च्या जुलैत युनेस्कोनं जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यात हा एक.

"म्हणजे आता पैसे येतील?"

"येतील बहुधा."

"मग त्या टाक्यांपाशी एक बाक टाका म्हणावं," ही म्हणाली, "सगळे बाक बागेत आहेत."