मनात मांडे, पण धोंडे कुठायत?

पैशाची काळजी करू नका, हवी तशी डर्ट बाइक बांधा, असं सांगितलं की सगळे जवळपास एकच गाडी बांधतात. ४५० सीसीची जपानी किंवा ऑस्ट्रियन मोटोक्रॉस गाडी. पुढे फॅक्टरी टीमच्या गाड्यांना असतात तसले फोर्क. टायटॅनियमचा एक्झॉस्ट, एक्सेलच्या रिम, रेन्थलचा हँडलबार, रेक्लूसचा क्लच. बोल्टसुद्धा टायटॅनियमचे. आणि शेवटी, प्रायोजक कुणीच नसताना, प्रायोजकांचे स्टिकर.

'ड्रीम बिल्ड' हा प्रकार फोनवर तुम्ही पाहिलेला असणारच. कोरी गाडी नट-नट सुटी होते, पांढऱ्या टेबलावर भाग मांडले जातात, संगीत वाढतं आणि गाडी उभी राहते. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही ते नुसती यादी करतात. मला ती यादीच जास्त वाचनीय वाटते, म्हणून इथे तिच्याकडे एक मजकूर म्हणून बघतोय.

लग्न ठरलं की आपल्याकडे याद्या होतात. त्या वाचायला मजा येते, कारण त्यात दोन पक्ष असतात. कुणीतरी हॉलच्या खर्चावर अडतं, कुणीतरी मानपानावर रुसतं. ओळ खोडून दुसरी लिहिली जाते आणि खोडलेल्या ओळीतूनच माणसं कळतात. अमर्याद बजेटच्या यादीत खाडाखोड नसते. फोर्क की एक्झॉस्ट, असा प्रश्न पडतच नाही, दोन्ही येतात. त्यामुळे यादी करणारा कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही.

पण मी या प्रकाराची टवाळी करायला बसलेलो नाही. खोपटला एसटी डेपोच्या आसपास राहणाऱ्या पोराला सोसायटीत एक स्कूटर लावायला जागा मिळाली तरी नशीब. त्याने आयुष्यात मोटोक्रॉसच्या गाडीला हात लावलेला नसतो. तरीही कम्प्रेशन आणि रिबाउंड यातला फरक तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. हे ज्ञान कुठल्या वर्गात मिळालेलं नाही, ते हौसेने मिळवलेलं आहे. घरी हप्त्याची स्प्लेंडर आहे म्हणून त्याने स्वप्नही हप्त्यानेच बघावं, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. माझी तक्रार उलटी आहे. स्वप्न मोठं आहे म्हणून नाही, ते अर्धवट आहे म्हणून.

उदाहरणार्थ, या याद्यांमध्ये कुणीही स्वतःचं वजन लिहीत नाही.

हे क्षुल्लक वाटेल, पण गाडी बांधण्याचं मर्म तिथेच आहे. मोटोक्रॉस गाडीचं मागचं सस्पेन्शन साधारण ३०० मिलिमीटर हलतं. स्वार पूर्ण कपडे-बूट घालून बसला की त्यातलं १०० मिलिमीटरच्या आसपास दबलं पाहिजे. याला सॅग म्हणतात. ते जमलं नाही तर गाडी वळणावर एक तर पुढून घसरते, नाही तर मागे बसून रुंद जाते. स्प्रिंग निवडायची ती स्वाराच्या वजनावरून. म्हणून कुठल्याही जाणत्या सस्पेन्शनवाल्याचा पहिला प्रश्न 'बजेट किती' हा नसतो, 'वजन किती' हा असतो. दुसरा प्रश्न असतो, चालवणार कुठे आणि किती वेगाने. फॅक्टरीचे फोर्क वीस-पंचवीस मीटरच्या उड्या मारणाऱ्यांसाठी ट्यून केलेले असतात. आपल्यासारख्याच्या वेगाला ते दबतच नाहीत, सगळा मार मनगटात येतो. सगळ्यात महागडी वस्तू लावून गाडी आपल्यापुरती वाईट करून घेता येते, ही गोष्ट एकाही ड्रीम बिल्डमध्ये मला आढळलेली नाही.

अमर्याद बजेट नुसतं स्वप्नातच होतं असंही नाही. १९७० च्या दशकात आणि १९८० च्या सुरुवातीला जपानी कंपन्यांच्या अमेरिकेतल्या टीम खरोखर अशाच गाड्या आणायच्या. त्यांना 'वर्क्स बाइक' म्हणत. हाताने घडवलेल्या, मॅग्नेशियम-टायटॅनियमच्या, कुठल्याही दुकानात न मिळणाऱ्या. त्यांच्यासमोर स्वतःच्या पैशाने गाडी घेऊन उतरणाऱ्याला काय आशा? शेवटी १९८६ पासून तिथल्या संघटनेने, एएमएने, नियम केला : शर्यतीची गाडी दुकानात मिळणाऱ्या गाडीवरच बेतलेली हवी. मग कंपन्यांना दुकानातलीच गाडी सुधारावी लागली आणि त्याचा फायदा साध्या गिऱ्हाइकाला झाला. ड्रीम बिल्डवाले ज्या वर्क्स बाइकची फोटोंतून पूजा करतात, ती खुद्द त्या खेळानेच मोडीत काढलेली आहे.

या सगळ्या प्रकारात मला मनापासून आवडणारी एक शाखा आहे : एकाचं इंजिन दुसऱ्याच्या फ्रेममध्ये. परदेशात होंडाच्या सीआर-५०० चं टू-स्ट्रोक इंजिन नव्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये बसवतात. ती गाडी २००१ नंतर बनलीच नाही, म्हणजे कंपनीने न लिहिलेला पुढचा भाग वाचकांनी लिहिल्यासारखं झालं.

आपल्याकडे याचा जोड आहे आणि तो मला जास्त थोर वाटतो : हिरोची इम्पल्स आणि करिझ्माचं इंजिन. २०११ ची इम्पल्स, १५० सीसी. चेहरा, उंची, चाकं सगळं डर्ट बाइकचं आणि दम रोजच्या कम्यूटरचा. तिचं मूळ होंडाच्या ब्राझीलमधल्या ब्रॉस या गाडीत. तिच्यात लोकांनी करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन बसवलं. आता गंमत बघा. करिझ्माचं हे इंजिन होंडाच्या त्याच घराण्यातलं, ज्यातली सीआरएफ-२३० ही खरीखुरी ट्रेल बाइक. म्हणजे ती गाडी इथे कधी विकायला न आणताच, तिचे लांबचे दोन भाऊबंद इथल्या गॅरेजांनी एकत्र आणले. माउंट कापायचे, वेल्डिंग करायचं, चेनची रेघ जुळवायची, वायरिंग नव्याने ओढायचं. हे सगळं करताना बजेट आड येतं, म्हणून प्रत्येक गाडीत कुठे ना कुठे तडजोड दिसते. तिथेच बांधणाऱ्याची सही असते.

कायद्याच्या नजरेत मात्र ही सही म्हणजे गुन्हा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. एमएच-०४ ची पाटी असलेली अशी गाडी पोलिसांच्या मर्जीवर चालते. बरं, पैसेवाल्याचं तरी काय? कावासाकीची केएक्स-२५० आणि केएक्स-४५० इथे रीतसर विकत मिळते, ८-९ लाखांच्या घरात. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, नोंदणी होत नाही. घरापासून ट्रॅकपर्यंत ती टेम्पोत घालून न्यायची.

कंपन्याही आपल्याला ओळखून आहेत. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर चाकणला बनते. २०२५ मध्ये ती भारतात आली तेव्हा पुढचं सस्पेन्शन २०० मिलिमीटरचं होतं, परदेशी जाणाऱ्या गाडीचं २३०. आरडाओरडा झाला, मग काही काळाने जास्तीचे पैसे घेऊन २३० वालीही दिली. त्याआधी हिरोने २०२० मध्ये एक्सपल्ससाठी ३८,००० रुपयांचं रॅली किट काढलं होतं, त्यात पुढचं सस्पेन्शन १९० वरून २५० मिलिमीटरवर गेलं. माझ्या मते आपल्याकडच्या डर्ट बाइकच्या इतिहासातली सगळ्यात चांगली यादी ही. मोजके भाग, ठरलेली किंमत, आणि कशासाठी ते स्पष्ट.

आता ट्रॅकचं. 'मनात मांडे, पदरात धोंडे' ही म्हण या छंदाला नेमकी उलटी लागू पडते. इथे धोंडेच हवे असतात आणि तेच मिळत नाहीत. खोपटहून येऊर गाडीने काही मिनिटांवर. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे पायवाटेवर गाडी घालणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. खाडीकाठी चिखल आणि कांदळवन. पुढे घोडबंदरला टॉवर. पावसाळ्यातल्या रस्त्यांचा विनोद मी करत नाही, तो आपण सगळेच रोज जगतो. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा क्रीडासंकुलात माती आणून उड्यांचा ट्रॅक रचावा लागला. शर्यत संपली की अशी माती उचलून नेतात. ड्रीम बिल्ड बघणारी पोरं ही शर्यतही फोनवरच बघतात.

म्हणून मला एक वेगळी यादी वाचायची आहे. बजेट अमर्याद, पण पहिल्या ओळीवर गाडी नको. मुरबाडच्या बाजूला दोन-तीन एकर उतरती जमीन. चार दिवसांसाठी जेसीबी. धूळ बसवायला पाण्याचा टँकर, तो दर रविवारी. ॲम्ब्युलन्स वळेल एवढा रस्ता. शेजारच्या गावाशी आवाजाबद्दल आधीच बोलणी. भाड्याने द्यायला दहा हेल्मेट आणि दहा जोड बूट, कारण पोरं गाडीवर खर्च करतात आणि बुटांवर करत नाहीत. गाडी शेवटी, जी असेल ती. जुनी इम्पल्स मिळाली तर उत्तम.

ही यादी कुणी करायला घेतली तर दुसऱ्याच ओळीवर अडेल. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. खोपटच्या फ्लॅटमधल्या माणसाकडे कितीही पैसे असले तरी आधी सातबाऱ्यावर नाव असलेला मित्र शोधावा लागेल, आणि त्याला हे पटवावं लागेल की भातखाचरापेक्षा उड्या मारायचा ट्रॅक बरा. तो जे जे आक्षेप घेईल ते यादीत लिहून ठेवा. ते वाचायला मी येईन.