जोडीतला दुसरा

हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव पेन स्टेट विद्यापीठात शिकवणाऱ्या हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञावरून पडलं. आडनावही वाया गेलं नाही. फंक्शनला हवं ते सगळं एकदम न देता एकेक करून देणं, याला 'करीइंग' म्हणतात. १९९३ साली येलमधल्या मार्क जोन्स यांनी अशा अर्धवट भरलेल्या टाइपलाही टाइप क्लासचा इन्स्टन्स देण्याची पद्धत मांडली, आणि हॅस्केलने ती उचलली.

अट एकच: भरायचं डावीकडून. जोडीच्या टाइपला दोन जागा असतात. 'फंक्टर'ला एकच मोकळी जागा चालते. म्हणून पहिली बंद होते, दुसरी उरते.

शाळेतले समास आठवा. 'आईवडील' हा द्वंद्व, दोन्ही पदं प्रधान. 'राजवाडा' हा तत्पुरुष, दुसरं पद प्रधान. जोडी खरं तर द्वंद्व आहे. इथे तिचा तत्पुरुष होतो. 'आयदर' या टाइपला हे शोभतं, कारण त्यात चूक डावीकडे आणि उत्तर उजवीकडे ठेवण्याचा प्रघातच आहे. जोडीत असा प्रघात नाही.

२०१५ साली जीएचसी ७.१० आला आणि यादी मोजणारं 'लेंग्थ' प्रत्येक 'फोल्डेबल' टाइपवर चालू लागलं. आता (३, ५) या जोडीची लांबी १ येते. हसू नका. समजा, तुमचं फंक्शन ४० नोंदींची यादी देत होतं. उद्या तुम्ही सोबत इशाऱ्यांची यादीही जोडलीत आणि दोन्हींची जोडी परत केलीत. लांबी मोजणारी जुनी ओळ तशीच राहिली, तर कंपायलर गप्प बसेल आणि ४० च्या जागी १ सांगेल. ज्या भाषेकडे आपण चूक आधीच पकडली जाईल या भरवशावर येतो, तिथे हे महागात पडतं.

समर्थक म्हणतात, इन्स्टन्स नियमात बसतो. बसतो खरा. डावीकडूनच भरण्याच्या अटीलाही कारण आहे: कुठलीही जागा मोकळी ठेवू दिली, तर टाइप ओळखण्याचं कंपायलरचं काम आवाक्याबाहेर जाईल. माझा आक्षेप अटीवर नाही. लिहिता येतो म्हणून प्रत्येक इन्स्टन्स द्यायलाच हवा का? दोन्ही जागांना समान मानणारा 'बायफंक्टर' त्याच आवृत्तीबरोबर मूळ लायब्ररीत आला. जोडीला तेवढा पुरेसा होता.

तोवर एक करा: जोडी परत करण्याऐवजी स्वतःचा नाव दिलेला टाइप करा आणि त्याला 'फोल्डेबल' देऊ नका. मग ती जुनी ओळ कंपायलरच अडवेल.