भलरी आणि बाजारभाव

रेडिओवरच्या शेती कार्यक्रमाचा विषय निघाला की आमच्या वयाची माणसं हळवी होतात. हवामान, बाजारभाव, मधी दोन लोकगीतं, आणि जेवायची वेळ. प्रेम मलाबी आहे. पण बैल कितीही लाडका असला तरी त्याचे दात बघावेच लागतात. ते बघायला म्हणून हे लिहितोय.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि तीनच वर्षांत तिथनं एक मोठं काम झालं. १९५६ साली पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत ऐकणाऱ्यांची मंडळं काढली. मूळ कल्पना कॅनडातली, पाठबळ युनेस्कोचं. आठवड्यातनं दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा आणि मंडळानं आपसात बोलायचं. अडलेले प्रश्न पुण्याला धाडायचे, त्यांची उत्तरं रेडिओवरनं यायची. ऐका, चर्चा करा, करून बघा, एवढंच ब्रीद.

याची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेल्या पॉल न्यूराथ यांनी केली. मंडळ असलेल्या गावांत माहिती पुष्कळ वाढली. नुसताच रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढली नाही. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. शहाणपण पेटीत नव्हतं, पेटी बंद केल्यावर होणाऱ्या बोलण्यात होतं.

१९५९ पासनं ही मंडळं देशभर निघाली. पुढं १९६६ च्या सुमारास आकाशवाणीत शेती आणि गृह विभाग आले, संकरित बियाण्याचा काळ आला. त्या कामाचं मोल कमी नाही. तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी एका नव्या भाताच्या जातीला ‘रेडिओ भात’च म्हटलं, कारण तिची माहिती त्यांना रेडिओनं दिली. पण हळूहळू मंडळं विरली आणि सांगणारा तेवढा उरला. ‘हेक्टरी इतके किलो द्यावे अशी शिफारस करण्यात येते.’ ऐकणाऱ्याचं रान तीन एकर अकरा गुंठे. त्यानं हिशेब करेस्तोवर पुढचं वाक्य निघून जातं, आणि थांबा म्हणायची सोय नाही. शेतकऱ्याला कळत नाही असं मग लोक म्हणतात. सांगणाऱ्याची भाषा कुणी तपासत नाही.

ही भाषा रेडिओला येत नव्हती असंही नाही. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागातच नोकरीला होते. माणूस बांधावर कसा बोलतो, कुठं गप बसतो, हे ज्याच्या कानाला ठाऊक असा लेखक शेतीच्या कार्यक्रमाला लाभला. शेतीचं बोलणं लिहायला लेखक लागतो, एवढं तरी त्यातनं घ्यायला हवं होतं. पुढं बऱ्याच ठिकाणी परिपत्रकच वाचून दाखवायची रीत पडली.

आता गाण्याचं. दोन भाषणांच्या मधल्या फटीत लोकगीत बसवायचं, हा शेती कार्यक्रमाचा जुना रिवाज. त्यामुळं जुने आवाज टिकले, हे मान्य. पण भलरी हे फटीत बसवायचं गाणं न्हवं. ते कापणीचं. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी ओढायची, आणि मधी विळ्याचा आवाज. स्टुडिओत पेटी-ढोलकी त्या मोकळ्या जागेत भरली की गाणं गोड होतं, पण त्यातनं दम लागलेला माणूस निघून जातो. ओवीतनं जातं गेलं, मोटेच्या गाण्यातनं बैल गेले. गाणं करमणुकीला आणि काम भाषणाला, अशी वाटणी झाली. आमच्या रानात ती कधीच नव्हती.

आज सल्ला मोबाइलवर येतो. पाऊस, कीड, भाव, सगळं खिशात. वेग वाढला, पण वळण तेच: वरनं खाली. म्हणून कुठल्याही शेती कार्यक्रमाला, रेडिओचा असो नाहीतर मोबाइलचा, मी एकच माप लावतो. तिथनं किती सल्ले आले हे मोजू नका. गावातनं किती प्रश्न गेले आणि त्यातल्या कितींना उत्तर आलं, ते मोजा.