ओळख आणि अनोळख : रवींद्रनाथांच्या जावा-यात्रेची पत्रे

प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षक बहुधा एवढेच विचारतो की, लेखकाने काय पाहिले आणि ते कसे सांगितले. परंतु प्रवासी जेव्हा पाहुणा असतो, त्याचा कार्यक्रम यजमानांनी आधीच आखलेला असतो आणि सोबतीला जाणकार मार्गदर्शक असतात, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : त्याला काय दाखवले गेले? रवींद्रनाथ ठाकुरांच्या १९२७ मधील आग्नेय आशियाच्या यात्रेच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. ही यात्रा म्हणजे आधुनिक भारतीय साहित्यातील एक मोठी सांस्कृतिक सहल होती. तिच्यातून एक पत्रसंग्रह, एक भरगच्च वृत्तांत आणि काही महत्त्वाच्या कविता निर्माण झाल्या.

जुलै १९२७ मध्ये मद्रासहून निघालेली ही मंडळी सिंगापूर, मलाया, जावा, बाली आणि सयाम असा प्रवास करून परतली. कवीबरोबर भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय, चित्रकार व वास्तुरचनाकार सुरेंद्रनाथ कर आणि चित्रकार धीरेंद्रकृष्ण देववर्मा होते. डच संगीतज्ञ आर्नोल्ड बाके, ज्यांनी शांतिनिकेतनात अध्ययन केले होते, तेही पुढे सामील झाले. रवींद्रनाथांची पत्रे 'जावा-यात्रीर पत्र' या नावाने 'यात्री' (१९२९) या ग्रंथात समाविष्ट झाली. सुनीतिकुमारांचा 'द्वीपमय भारत' १९४० मध्ये ग्रंथरूपाने आला. पुढे सयामचा भाग जोडून त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. एकाच यात्रेची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तरच त्यांतील प्रत्येकाचे गुण आणि उणिवा नीट दिसतात.

या यात्रेची वैचारिक पार्श्वभूमी सर्वश्रुत आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात 'बृहत्तर भारत परिषद' स्थापन झाली होती आणि रवींद्रनाथ तिच्या अग्रस्थानी होते. रमेशचंद्र मजुमदार यांचा चंपाविषयीचा ग्रंथ १९२७ मध्येच प्रकाशित झाला. त्याच्या मालेचे नावच प्राचीन भारतीय 'वसाहतीं'चा उल्लेख करणारे होते. ज्या देशावर परक्यांचे राज्य होते, त्या देशातील विद्वानांना आपल्याही पूर्वजांनी समुद्र ओलांडला होता, या कल्पनेने धीर यावा, हे समजण्यासारखे आहे. मात्र 'वसाहत' हा शब्द ज्यांच्या भूमीला लावला गेला, त्यांना तो कसा वाटला असेल, हा विचार त्या काळी फारसा कोणी केला नाही. रवींद्रनाथांचा रोख विजयापेक्षा दानावर होता. भारताने सैन्य नव्हे, तर साधना पाठवली, असे ते मानत. हा भेद खरा आहे. पण दान देणारा एकच आणि घेणारा केवळ घेणाराच, ही मूळ मांडणी त्यातही तशीच राहते.

पत्रांतील सर्वाधिक लक्षात राहणारा प्रसंग बालीतला आहे. कारांगासेमचे राजे आणि कवी एकाच मोटारीत बसलेले आहेत. दोघांमध्ये समान भाषा नाही. वाटेत समुद्र दिसतो आणि राजे 'समुद्र' हा शब्द उच्चारतात. कवी चकित होतो. मग राजे समुद्राचे संस्कृत पर्याय म्हणू लागतात, पाठोपाठ सप्तसमुद्र, सप्तपर्वत, पर्वतांची नावे आणि शेवटी नद्यांची : गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी, कावेरी. ज्या भूमीवर त्या राजाने कधी पाऊल ठेवले नव्हते, तिच्या नद्या त्याला मुखोद्गत होत्या. नाशिकच्या किंवा पैठणच्या वाचकाला या यादीत गोदावरी भेटते, तेव्हा त्याचेही मन हलल्याशिवाय राहत नाही.

हा प्रसंग रवींद्रनाथांनी अतिशय आर्जवी हाताने रंगवला आहे. त्यात विनोद आहे, विस्मय आहे आणि थोडी व्यथाही आहे, कारण या नावांच्या पलीकडे दोघांचे संभाषण जाऊ शकत नाही. परंतु प्रसंगाचा अर्थ लावताना कवी सर्वस्वी भारताच्या बाजूने पाहतो. भारताने एके काळी आपला भूगोल ध्यानाचा विषय केला होता आणि त्या ध्यानाचा ध्वनी येथवर पोचला, हा त्याचा निष्कर्ष. राजाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. परदेशी पाहुण्याशी बोलायला शब्द नसताना, दोघांच्याही संग्रहात असतील असे शब्द राजाने शोधून काढले. त्यात स्मृती आहे तशी हुशारी आणि आतिथ्यही आहे. बालीत त्या नद्यांची नावे मंत्रांतून येतात आणि तेथले तीर्थजल तेथल्याच झऱ्यांचे असते. गोदावरी राजाच्या दृष्टीने परदेशातील नदी नव्हतीच. ती त्याच्या पूजेतील नदी होती.

बालीच्या पत्रांत दुसरे एक स्थळ आहे, ज्याकडे मराठी वाचकाचे लक्ष जाईल. मस्तकावर नैवेद्याची पात्रे घेऊन रांगेने जाणाऱ्या स्त्रिया पाहून कवीला अजिंठ्याची आठवण होते. भिंतीवरील चित्रे जिवंत होऊन उन्हात उतरली आहेत, असे त्यांना वाटते. उपमा सुंदर आहे आणि निरीक्षण म्हणून अचूकही. चाल, वस्त्र, ओझे पेलण्याची लय यांतील साम्य खोटे नाही. पण उपमेची दिशा पाहण्यासारखी आहे. समोरची जिवंत स्त्री ही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्राची साक्ष ठरते. तिच्या घरची चूल, तिने विणलेली नैवेद्याची ताटवी, ज्या देवळात ती निघाली आहे त्या देवळाचा गावाशी असलेला हिशेब, हे सारे चित्राच्या चौकटीबाहेर राहते.

येथे 'दाखवले गेले' या शब्दांकडे परत यावे लागते. बालीचा दक्षिण भाग डचांच्या ताब्यात आला तो १९०६ ते १९०८ या काळात. बडुंगच्या राजघराण्याने २० सप्टेंबर १९०६ रोजी, आणि क्लुंगकुंगच्या राजाने २८ एप्रिल १९०८ रोजी, शस्त्रसज्ज डच सैन्यासमोर स्त्रियामुलांसह चालून जाऊन मरण पत्करले. त्या सामुदायिक आत्माहुतीला बालीत 'पुपुतान' म्हणतात. कवी तेथे पोचला तेव्हा या घटनेला वीसच वर्षे झाली होती. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. नंतरच्या दोन दशकांत डच प्रशासनाने बालीची 'प्राचीनता' जपण्याचे धोरण हाती घेतले. राजे पुन्हा मानाने बसवले गेले, परंपरेला उत्तेजन मिळाले आणि आधुनिक राजकारणाचा वारा बेटाला लागू नये याची काळजी घेतली गेली. देनपसारचे बाली हॉटेल १९२८ मध्ये सुरू झाले. म्हणजे ज्या बेटाला रवींद्रनाथ काळाने विसरलेले प्राचीन भारत समजून पाहत होते, ते बेट त्याच वर्षांत राज्यकर्त्यांकडून एखाद्या संग्रहालयासारखे जतन केले जात होते आणि पर्यटकांसाठी सजत होते.

जावातही हेच. नोव्हेंबर १९२६ मध्ये पश्चिम जावात आणि जानेवारी १९२७ मध्ये पश्चिम सुमात्रात साम्यवाद्यांचे उठाव झाले होते. ते मोडून काढल्यावर शेकडो माणसांना न्यू गिनीतील बोव्हेन दिगुलच्या छावणीत धाडण्यात आले. ४ जुलै १९२७ रोजी बांडुंगमध्ये सुकर्णो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रवादी पक्ष स्थापला. कवीचे जहाज मद्रासहून सुटण्यास तेव्हा फार दिवस उरले नव्हते. पत्रांचा रोख या बाजूला वळत नाही. हा दोष केवळ कवीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मलायात चीनमधील ब्रिटिश धोरणासंबंधीच्या त्यांच्या उद्गारांवरून इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर उठवले होते, हे ध्यानात घेतले की, पुढे ते जपून का बोलले असतील हे कळते. डच यजमानांच्या आतिथ्यावर सारा कार्यक्रम उभा होता. तरीही वाचकाला एवढे जाणवतेच की, 'नॅशनॅलिझम'वरील व्याख्याने लिहिणारा लेखनीधर या पत्रांत क्वचितच भेटतो.

मग ही पत्रे आजही का वाचावीत? त्यांतील नृत्याच्या वर्णनांसाठी. सुराकार्तामध्ये सातव्या मंकुनगर राजांच्या दरबारी पाहिलेल्या नृत्यांसंबंधी कवीने लिहिले आहे, तेथे 'बृहत्तर भारत' जवळजवळ गळून पडतो. कथा सांगण्यासाठी हे लोक शब्द नव्हे, तर देह वापरतात; युद्धही नाचून दाखवतात, आणि ते युद्धाची नक्कल न होता युद्धाचे छंदोरूप होते, हे त्यांनी फार बारकाईने टिपले आहे. येथे पाहणारा कलावंत आहे, वारसदार नव्हे. समोरच्या कलेतून आपल्याला काय शिकता येईल, हा प्रश्न त्याच्या मनात आहे. 'चित्रांगदा' (१९३६), 'चंडालिका' (१९३८) आणि 'श्यामा' (१९३९) या नृत्यनाट्यांच्या घडणीत मणिपुरी, कथकली इत्यादींबरोबर जावाचाही वाटा आहे, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. १९३९ मध्ये शांतिदेव घोष तेथील नृत्य शिकण्यासाठी जावा-बालीला गेले. घेणारा आणि देणारा यांच्या जागा येथे बदलल्या, आणि त्याचा कोणी गाजावाजा केला नाही.

सुनीतिकुमारांचे पुस्तक वाचायला अवघड आहे. त्यात तारखा, जेवणे, मोटारींची वाट पाहणे, भेटलेल्या अधिकाऱ्यांच्या पदव्या, सगळेच आहे. संपादकाने कात्री लावली असती तर बरे झाले असते, असे अनेकदा वाटते. पण याच खटाटोपामुळे बेटावरची माणसे नावागावांसह पानात येतात. भाषाशास्त्रज्ञाला शब्द ओळखीचा वाटला की तो थांबतो आणि त्याचा उच्चार, त्याचा अर्थ कसा बदलला हे विचारतो. बालीच्या पदंडांशी, म्हणजे पुरोहितांशी, मंत्र आणि मुद्रा यांविषयी त्यांनी केलेल्या चर्चा या दृष्टीने मोलाच्या आहेत. बदललेला उच्चार म्हणजे बिघडलेला उच्चार, असे मानण्याचा मोह त्यांनाही होतो. तरी त्यांची शास्त्रीय शिस्त तो बरेचदा आवरते. विद्वानांमध्ये या विषयाचे आकर्षण तेव्हा एवढे होते की, सिल्व्हाँ लेव्ही १९२८ मध्ये बालीला जाऊन आले आणि त्यांनी जमवलेले संस्कृत पाठ १९३३ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत छापले गेले.

ओळखीचा मोह किती फसवा असतो, याचे उत्तम उदाहरण जावाच्या छायानाट्यात, वायांगमध्ये आहे. भारतीय प्रेक्षक पडद्यावर अर्जुन, भीम, कृष्ण यांना ओळखतो आणि सुखावतो. मग रंगात येतात सेमार आणि त्याची पोरे, गारेंग, पेत्रुक. ढेरपोटा, वाकडातिकडा सेमार पांडवांचा सेवक आहे, विदूषक आहे, आणि त्याच वेळी तो देवांचाही वडीलधारा आहे. व्यासांच्या ग्रंथात त्याला स्थान नाही. जावाच्या सामान्य प्रेक्षकाला मात्र प्रयोगाचा प्राण तोच. आपल्याकडे तमाशातील सोंगाड्याला, किंवा पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्यांतील हास्यपात्रांना पाहिलेल्याला तो कदाचित लवकर कळेल. संस्कृत महाभारत घेऊन गेलेल्याला तो अडगळ वाटण्याचा धोका अधिक. साहित्याच्या इतिहासातही असेच आहे. एम्पू कण्व यांचे अकराव्या शतकातील 'अर्जुनविवाह' किंवा ११५७ मध्ये आरंभलेले एम्पू सेदाह आणि एम्पू पनुलुह यांचे 'भारतयुद्ध' ही काव्ये संस्कृत वृत्तांत असली, तरी त्यांची भाषा, निसर्ग आणि राजदरबार जावाचे आहेत. त्यांना अनुवाद म्हणणे ज्ञानेश्वरीला भाषांतर म्हणण्याइतकेच अपुरे आहे.

या यात्रेतच रचलेली 'सागरिका' ही कविता, जी पुढे 'महुया' (१९२९) या संग्रहात आली, या साऱ्या प्रश्नाला अधिक मार्मिकपणे भिडते. सागरकाठी न्हालेली एक तरुणी बसली आहे. पुरुष प्रथम येतो तो राजवेषात, मुकुट आणि धनुष्य धारण करून. ती दचकते आणि त्याला येण्याचे कारण विचारते. पुढे दोघांची पूजा आणि नृत्य, मग वादळ, आणि शेवटी तो परत येतो तो मुकुटाविना, केवळ वीणा घेऊन, आणि विचारतो की तिला त्याची ओळख पटते का. ही कविता बहुधा भारत आणि बाली यांच्या प्राचीन प्रेमाचे रूपक म्हणून वाचली जाते. परंतु कवीने उत्तर दिलेले नाही, हे अनेकांच्या नजरेतून सुटते. मुकुट उतरवून ठेवल्याशिवाय हा प्रश्न विचारता येत नाही, एवढे कवितेला कळलेले आहे. म्हणून ती पत्रांहून एक पाऊल पुढे आहे. त्याला तिची ओळख पटते का, हा उलट प्रश्न मात्र तिलाही सुचत नाही. तरुणी काठावरच बसून राहते, येतो-जातो तो पुरुष. इतिहासाने पुढे हे रूपक मोडले. एफ. डी. के. बॉश यांनी १९४६ मध्ये लायडेन येथील व्याख्यानात मांडले की, या संस्कृतिसंक्रमणात खुद्द द्वीपवासीयांचा पुढाकार होता. त्यांनी जे निवडले ते आपल्या गरजेने निवडले. म्हणजे सागरिकाही जहाजात बसली होती.

मराठीत या भागाचा प्रवास पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग' मध्ये केला. त्या पुस्तकाची जात निराळी, हेतूही निराळा, म्हणून तुलना ताणू नये. एक भेद मात्र सांगण्याजोगा आहे. पुलंचा निवेदक मध्यमवर्गीय मराठी गृहस्थ आहे आणि तो आधी स्वतःला हसतो. स्वतःला हसणाऱ्याला वारसाहक्क सांगणे जरा कठीण जाते. आज आग्नेय आशियाच्या सहलींत बोरोबुदुरच्या पायऱ्यांवर 'हे सगळे आपलेच' असे जे ऐकू येते, त्याच्यावर उतारा म्हणून हे पुस्तक उपयोगी पडेल. रवींद्रनाथांच्या पत्रांतही असा उतारा आहे, पण तो नृत्याच्या पत्रांत शोधावा लागतो.

योग्यकर्ता येथे कवीने 'तामन सिस्व' ही शाळा पाहिली. १९२२ मध्ये सुवार्दी सूर्यनिंग्रत यांनी, जे नंतर की हाजर देवांतर या नावाने ओळखले गेले, डच शिक्षणपद्धतीला पर्याय म्हणून ती स्थापली होती. शांतिनिकेतनाशी तिचे नाते पुढे वाढले. तरुण चित्रकार रुस्ली १९३२ मध्ये शांतिनिकेतनात शिकायला आला आणि परत जाऊन तामन सिस्वमध्ये शिकवू लागला. शांतिनिकेतनात आलेल्या अशा विद्यार्थ्यांनी बंगालमध्ये काय पाहिले आणि त्यांना काय दाखवले गेले, याचा शोध घेणारा ग्रंथ 'जावा-यात्रीर पत्र' आणि 'द्वीपमय भारत' यांच्या शेजारी ग्रंथालयात असायला हवा.