पेठेची पंक्ति

सदाशिव पेठेचें जेवण अलीकडे पाटी लावून विकलें जाऊं लागलें आहे. भिंतीवर पितळी ताटें टांगलेलीं. पाडलेल्या कोणत्या तरी वाड्याचा नक्षीदार दरवाजा, जो आतां कोठेंच उघडत नाहीं, कोपऱ्यांत उभा केलेला. आणि भोजनपत्रिकेवर मोडीच्या वळणानें लिहिलेले शब्द : ‘अस्सल पुणेरी’. आंत अळवाची भाजी, मसालेभात, चिंचगुळाची आमटी, साखरभात, सर्व यथासांग येतें. पदार्थ वाईट असतात असें आम्ही म्हणत नाहीं. अळवांतील शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ नीट शिजलेली होती, हें न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे. आमचा वाद आहे तो ‘अस्सल’ या विशेषणाशीं.

हें विशेषण वाचून असें चित्र उभें राहतें कीं, जुन्या पेठेंत दरवाजा सदैव उघडा असे आणि येईल त्याला पाट मांडला जाई. वस्तुस्थिति अगदीं उलट होती. पाट मांडण्यापूर्वीं जात पाहिली जात असे. याच शहरांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें पुढें आलेल्या चहानें केवढें रण माजविलें, तें सर्वश्रुत आहे. जमलेल्यांचीं नांवें छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि टिळक व रानडे या दोन विरुद्ध पक्षांच्या पुढाऱ्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या प्रसंगाचा घरांतील ताप वाचावयास मिळतो. एका पेल्याची ही कथा; मग ताटाची काय असेल? भिंतीवरचें तें पितळी ताट कोणापुढें मांडलें जात नव्हतें, हें भोजनपत्रिका सांगत नाहीं.

परंतु या पेठेच्या अन्नाचा दुसराहि एक इतिहास आहे, आणि तो कोणत्याच पाटीवर आलेला नाहीं. १७६१ सालीं पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव धारण करणारी ही पेठ पुढें विद्येची पेठ झाली, आणि त्या विद्येच्या ओढीनें कोंकणांतून व देशावरून निर्धन मुलगे येथें येऊं लागले. त्यांना जेवूं कोण घालणार? सोमवारीं एक घर, मंगळवारीं दुसरें, असे सात घरचे सात वार लावून मुलगा शिके. एखादा वार सुटला कीं त्या दिवशीं उपास, नाहीं तर झोळी घेऊन माधुकरी. १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचें पुणे विद्यार्थी गृह, ही अशाच मुलांची सोय. पुढें खाणावळी आल्या. कित्येक विधवांनीं त्यांवर आपले संसार ओढले. येथेंहि जात होतीच, हें लपविण्याचें कारण नाहीं. ब्राह्मणाच्या घरचा वार ब्राह्मणाच्याच मुलाला मिळे. तरीहि परगांवच्या पोराच्या भुकेभोंवतीं या पेठेची चूल फिरत राहिली, ही गोष्ट खरी.

आज तीच भूक लातूर, बीड, नांदेडहून येते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठीं आलेले मुलगे व मुली अभ्यासिकेंत दिवस काढतात आणि महिन्याचें कार्ड घेऊन मेसमध्यें जेवतात. रविवारीं दुपारीं गोड, संध्याकाळीं चूल बंद. ताटांत पोळी-उसळ असते, आणि ज्वारीची भाकरी, ठेचा, शेवभाजी हेहि पदार्थ असतात. पूर्वीं या पेठेनें त्यांना गांवंढळ म्हणून नाक मुरडलें असतें. खोली भाड्यानें देतांना आडनांव आजहि विचारलें जातें (पेठ अगदींच बदललेली नाहीं!), पण मेसमध्यें पाहतात तें फक्त कार्ड. शेजारीं कोण बसला याची चौकशी न करतां शेंकडों माणसें रोज जेवून उठतात, असें या पेठेंत पूर्वीं कधीं झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. सदाशिव पेठेच्या पाककलेनें अभिमान बाळगावा असें कांहीं असेल तर तें या स्टीलच्या ताटांत आहे. तें चवीनें श्रेष्ठ आहे असें मात्र कोणी समजूं नये. वरण पातळच असतें.

आणि धोक्यांत आहे तें नेमकें हेंच. १९४७ च्या कायद्यानें वाड्यांचीं भाडीं १९४० सालच्या पातळीशीं बांधून टाकलीं. मालकानें दुरुस्ती सोडली, भाडेकरूनें जागा सोडली नाहीं, आणि भिंतींना पिंपळ फुटले. पुढें वाडे पाडणारे आले. वाडा गेला म्हणून आम्ही गळा काढणार नाहीं. सकाळीं सामाईक संडासापुढें तांब्या घेऊन जो उभा राहिला आहे, त्यानें तसें करूंहि नये. परंतु जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील ज्या दोन अंधाऱ्या खोल्यांत मेस चाले, त्या जागीं नव्या इमारतींत मोटारी उभ्या राहतात. रस्त्याकडेचा गाळा उरतो, पण त्याचें भाडें पितळी ताटें टांगणाऱ्यालाच परवडतें. मार्च २०२० मध्यें साथ आली, मुलें गांवीं परतलीं आणि कित्येक चुली महिनोन् महिने थंड राहिल्या. तेव्हां पेठेच्या चवीविषयीं लिहिणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना त्याचें वाईट वाटलेलें आमच्या पाहण्यांत आलें. नव्या इमारतीचे कांहीं नकाशे आम्हीं कुतूहलानें पाहिले. त्यांत मालकाला घर आहे, भाडेकरूला घर आहे, मोटारीला खांबांमधली जागा आंखून दिली आहे. दोनशें पानांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंची खोली त्यांत कोठें दाखविलेली नव्हती.