झेंडे अनेक, सातबारा कुणाचा?

नागावात मी सगळ्याच पक्षांची भाषणं ऐकतो. राष्ट्रीयवाले दिल्लीचं सांगतात, प्रादेशिकवाले मराठी माणसाचं. जमीन कुणाची, हे कुणीच बोलत नाही. चरीच्या संपाचं (१९३३-३९) नाव घेतात, बाबासाहेबांचं खोतीविरुद्धचं १९३७ चं बिल मात्र गाळतात. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कुणबी नि महार कुळं एकत्र चालली. तो स्वतंत्र मजूर पक्ष राष्ट्रीय की प्रादेशिक? सवालच खोटा. तो कसणाऱ्यांचा होता. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. आपली १९५७ ची रिपब्लिकन तर कितीदा! जमिनीसाठी मात्र यातलं एकही फुटलं नाही. दोस्तांनो, मत मागायला आला तर झेंडा बघू नका. सातबाऱ्याचं विचारा.