मूकपट : जतन आणि आद्य कलावंत

ध्वनीची जोड नसलेला, केवळ दृश्ये आणि मध्ये मध्ये योजलेला लिखित मजकूर यांच्या आधारे कथन करणारा चित्रपट म्हणजे मूकपट होय. भारतात कथात्मक मूकपटांचे युग धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाने सुरू झाले आणि ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या बोलपटानंतर तीन-चार वर्षांत ते संपुष्टात आले. या काळात देशात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः उपलब्ध असलेल्यांची संख्या जेमतेम तीसच्या आसपास आहे. या हानीमुळे मूकपटांच्या इतिहासलेखनात एक मूलभूत दोष शिरला. जे टिकले तेच प्रातिनिधिक मानले गेले आणि जे नष्ट झाले त्याचे मूल्यमापन आख्यायिकांवरून होऊ लागले. यात सर्वाधिक अन्याय झाला तो नटनटींवर. निर्मात्याचे तंत्र, खर्च व योजना यांविषयी लेखी पुरावा मागे राहू शकतो. अभिनय मात्र फितीबरोबरच नाहीसा होतो.

नाशाची कारणे : त्या काळातील फीत नायट्रोसेल्युलोजची असे. ती सहज पेट घेते आणि उष्ण व दमट हवेत तिचे विघटन होऊन चिकट लगदा किंवा भुकटी उरते. फितीवरील चांदी काढून घेण्यासाठीही जुनी रिळे विकली जात. एकेका चित्रपटाच्या प्रती थोड्या असत; त्या मुंबई-पुण्याकडून प्रांतोप्रांतीच्या चित्रगृहांत व तेथून फिरत्या तंबूंत जात आणि झिजून निकामी होत. बोलपट आल्यावर मूकपटांना व्यापारी मूल्य उरले नाही, त्यामुळे मूळ फिती राखण्याचे कारणच निर्मात्यांना राहिले नाही. याउलट कागदपत्रे तुलनेने चांगली टिकली. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीने मोठ्या महानगरांप्रमाणे मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरातही साक्षी घेतल्या व त्या छापून प्रसिद्ध झाल्या. नागपूरचे साक्षीदार चित्रपटांविषयी काय म्हणाले, हे आज वाचता येते. त्यांनी पाहिलेले देशी चित्रपट मात्र बव्हंशी पाहता येत नाहीत.

फाळके यांचे कलावंत : फाळके यांच्या तीन कलावंतांची उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार नसल्याने फाळके यांनी मुंबईतील एका उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या या तरुणाची निवड केली, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या अभिनयाविषयी मात्र क्वचितच काही लिहिले जाते. या चित्रपटाची पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे उपलब्ध असून तीही मूळ १९१३ च्या चित्रपटाची की १९१७ मधील पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे पडद्यावर दिसणारी तारामती नवख्या नटाची आहे की चार वर्षांच्या अनुभवानंतरची, हा अभिनयाच्या समीक्षेतील प्राथमिक प्रश्नही अनिर्णीत राहतो. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पण त्याचाही थोडासाच भाग शिल्लक आहे.

‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी मोहिनीची भूमिका केली. भारतीय कथापटात स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा प्रघात येथून सुरू झाला. हा चित्रपट उपलब्ध नाही. कमलाबाईंना दीर्घायुष्य लाभल्याने रीना मोहन यांना १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्यावर अनुबोधपट करता आला व त्यांच्या आठवणी त्यांच्याच मुखातून नोंदल्या गेल्या. दुर्गाबाईंच्या वाट्याला असे काही आले नाही. ‘पहिली अभिनेत्री’ हे बिरुद दोघींपैकी कोणाला द्यावे, याची चर्चा वारंवार होते. तथापि अग्रक्रम म्हणजे गुणवत्ता नव्हे आणि तो ठरविल्याने भूमिकेचे स्वरूप उलगडत नाही.

तिसरे उदाहरण मंदाकिनी फाळके यांचे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये या बालिकेने श्रीकृष्णाची भूमिका केली आणि या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने टिकला. आरंभी मंदाकिनी नेहमीच्या वेशात विविध भावमुद्रा करून दाखविते व त्यानंतर तीच कृष्णरूपात प्रकट होते. नटी व भूमिका यांतील अंतर प्रेक्षकांसमोर उघड करणारी ही योजना फाळके यांच्या कलाविचाराची द्योतक होय. पौराणिक चित्रपटांत अभिनयाला दुय्यम स्थान होते, हे सरसकट विधान या एका दृश्यानेच शंकास्पद ठरते. असे आणखी किती पुरावे जळून वा कुजून गेले असतील, हा विचार समीक्षकास सावध करणारा आहे.

कोल्हापूर व मुंबई : बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) मध्ये गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केले. पडद्यावर त्या अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी वावरल्या. झुंजारराव पवार, बाळासाहेब यादव इ. नटही या कंपनीने पुढे आणले. ‘सावकारी पाश’ (१९२५) हा सामाजिक वास्तवाचा आद्य आविष्कार म्हणून गौरविला जातो. तोही नष्ट झाला आहे. जे. बी. एच. वाडिया यांनी अंधारी झोपडी व विव्हळणारे कुत्रे या त्यातील दृश्याची आठवण लिहून ठेवली. त्या चित्रपटाची कीर्ती आज अशा आठवणींवर उभी आहे आणि त्यांत प्रकाशयोजनेला जेवढे स्थान मिळाले तेवढे नटांच्या कामाला मिळालेले नाही.

मुंबईत सुलोचना (रूबी मायर्स) व मास्टर विठ्ठल यांना अफाट लोकप्रियता लाभली. सुलोचनांनी ज्यात आठ भूमिका केल्या तो ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) उपलब्ध नाही. विठ्ठल ‘आलम आरा’चे नायक, पण तो बोलपटही हरवला आहे. सुलोचनांना १९७३ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. ज्या कामासाठी हा सन्मान, त्याचा मोठा भाग नव्या पिढीला पाहणे शक्य नव्हते.

जतनाचे कार्य : पुणे येथे १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी चिकाटीने विखुरलेल्या फिती मिळविल्या. फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष त्यामुळेच आज पाहता येतात. हे कार्य मूकपटयुग संपल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी सुरू झाले, ही त्याची मर्यादा होय. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागून बऱ्याच मूळ फिती नष्ट झाल्या. ज्यांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच घेतल्या होत्या तेवढे चित्रपट वाचले. २०१६ मध्ये ‘बिल्वमंगल’ (१९१९) या कलकत्त्यात निघालेल्या मूकपटाचा काही भाग फ्रान्समधील संग्रहातून परत मिळाला. हिमांशु राय यांचे ‘शिराझ’ (१९२८) यांसारखे चित्रपट यूरोपीय सहकार्यामुळे परदेशी राहिले व वाचले. यावरून टिकणे हे बऱ्याच अंशी योगायोगावर अवलंबून होते, गुणवत्तेवर नव्हे, हे स्पष्ट होते. २०२२ मध्ये संग्रहालयाचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले.

मूल्यमापन : नष्ट चित्रपटांविषयी मौन पाळणे हा उपाय नव्हे. वीरचंद धरमसी यांनी केलेली मूकपटांची सूची (१९९४) दाखविते की जाहिराती, वृत्तपत्रे व इतर नोंदी यांतून बरेचसे चित्र पुन्हा उभे करता येते. मात्र पाहिलेला अभिनय, छायाचित्रावरून केलेले अनुमान व ऐकीव कीर्ती यांतील भेद समीक्षकाने प्रत्येक विधानात राखला पाहिजे. तसेच जतनाची व्याप्ती फितीपुरती न ठेवता स्थिरचित्रे, हस्तपत्रके, करारपत्रे व कुटुंबांकडील आठवणी यांपर्यंत नेणे अगत्याचे आहे. पडद्यावरील नावामागे दडलेली गुलाबबाई किंवा अनसूयाबाई ओळखू येते ती अशाच साधनांतून. मूकपटांच्या इतिहासात निर्मात्यांची नावे स्थिर झाली आहेत. ज्यांच्या मुद्रेवर व देहावर त्या निर्मितीचा सारा अर्थ अवलंबून होता, त्यांची गणना अद्याप अपुरी आहे.